दोन हजेऱ्या

प्रति,
मा. जिल्हा पोलीस अधीक्षक, कोल्हापूर
मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक), जिल्हा परिषद, कोल्हापूर

विषय : शाळेची हजेरी आणि ठाण्याची हजेरी वेगवेगळी ठेवण्याबाबत

महोदय,

करवीर तालुक्यातल्या एका अनुदानित हायस्कूलच्या ऑफिसात मी एकतीस वर्षं लिपिक होते. दाखले लिहिले, बोनाफाईड दिले, शिष्यवृत्तीचे फॉर्म भरले आणि शेवटची दहा-बारा वर्षं संगणकापुढं बसून सरल, युडायस, आधार, अपार अशा एकामागून एक सरकारी पोर्टलांशी मुलांची नावं जुळवत राहिले. 'विषय' घालून पत्र लिहायचा चाळा निवृत्तीनंतरही सुटलेला नाही. दोन वेगळ्या खात्यांच्या साहेबांना मिळून एकच पत्र लिहिलेलं आमच्या हेडमास्तरांना चाललं नसतं. पण हा कागद दोन्ही टेबलांवर एकाच दिवशी जायला हवा, म्हणून उघडच लिहिते आहे.

कृत्रिम बुद्धिमत्ता आता दोन्हीकडं येते आहे. पोलिसांसाठी राज्यानं मार्च २०२४ मध्ये 'मार्व्हल' नावाची स्वतंत्र कंपनी काढली. नागपूरच्या २३ ठाण्यांत चालवून बघितलेलं, तपासाला मदत करणारं 'महाक्राइमओएस' हे सॉफ्टवेअर राज्यातल्या १,१०० ठाण्यांत नेणार, असं डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर झालं. शाळांकडं बघावं तर केंद्र सरकार २०२६-२७ पासून तिसरीच्या वर्गापासून हा विषय आणायचं म्हणतं. प्रत्येक मुलाला बारा आकडी अपार क्रमांक मिळतो आहे, आणि हजेरी कागदावरून मोबाईलवर गेली त्यालाही आता काळ लोटला. मी या सगळ्याच्या विरोधात नाही, हे आधीच सांगते. हातानं लिहिलेल्या दाखल्यांचं प्रेम मला अजिबात नाही. तीनशे दाखले लिहून मान आखडलेल्या बाईला कुणी संगणकाची भीती घालू नये.

पण रजिस्टर म्हणजे काय असतं, हे मला माहीत आहे. तेवढ्याच अधिकारानं लिहिते.

आमच्या शाळेचं जुनं जनरल रजिस्टर उघडून बघा. जन्मतारखेच्या रकान्यात पानंच्या पानं '१ जून' दिसेल. आपल्या जिल्ह्यात काय, अख्ख्या महाराष्ट्रात एका पिढीचा वाढदिवस १ जूनला येतो. आई म्हणायची, "पूर आला त्या साली झाला," आणि गुरुजी जूनमध्ये पहिलीत बसेल अशा बेतानं तारीख टाकायचे. त्यात लबाडी नव्हती, पोरगं शाळेत यावं ही घाई होती. पुढं तीच तारीख दहावीच्या सर्टिफिकेटवर गेली, तिथून पॅनकार्डावर, आधारवर, पेन्शनच्या कागदावर. आज ती तारीख कुठल्याही संगणकाला विचारा, तो छातीठोकपणे १ जूनच सांगेल. गुरुजींनी ती अंदाजानं टाकली होती, हे फक्त गुरुजींना आणि त्या आईला ठाऊक होतं. दोघंही आता नाहीत.

या यंत्रांविषयी मला जे वाटतं त्यातलं निम्मं या एका तारखेत आलं. अंदाज एकदा रकान्यात शिरला की त्याचा पुरावा होतो. यंत्र जितकं हुशार, तितका तो अंदाज लांबवर पोचतो.

आता हजेरीकडं येते.

'हजेरी' हा शब्द आपल्याकडं दोन जागी चालायचा. एक शाळेत, दुसरी चावडीवर. शाळेतली सगळ्यांना माहीत आहे. चावडीवरची आता विसरायला झाली आहे, म्हणून थोडं सांगते. काही जातींत जन्माला आलं की माणसानं ठरल्या वेळी चावडीवर जाऊन 'मी गावातच आहे' असं दाखवायचं. चोरी केलेली असो वा नसो. गाव सोडायचं तर विचारून सोडायचं. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा करून हाच विचार हळूहळू देशभर नेला : गुन्हा माणूस करत नाही, जमात करते, तेव्हा अख्ख्या जमातीवर नजर ठेवा. तो कायदा रद्द व्हायला १९५२ उजाडलं.

कोल्हापूर त्याच्या फार आधी निराळ्या वाटेनं गेलं होतं. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोराला शाळेत न धाडणाऱ्या आईबापाला महिना एक रुपया दंड. आणि लगेच पुढच्या वर्षी, १९१८ मध्ये, महार, मांग, रामोशी, बेरड यांची चावडीवरची हजेरी बंद केली. ज्यांना बघून लोक दारं लावून घ्यायचे त्या फासेपारध्यांना जवळ करून कामाला लावलं. वर्षभराच्या अंतरानं एक हजेरी सक्तीची झाली आणि दुसरी उठली. शाहू जयंतीच्या भाषणांत पहिली गोष्ट दरवर्षी ऐकते. दुसरी क्वचित. दोन्ही शेजारी ठेवून कुणी बोललेलं तर मी ऐकलेलंच नाही. दसरा चौकातल्या पुतळ्यापुढून जाताना मला मात्र त्या दोन एकत्रच आठवतात.

माझी भीती सरळ आहे. जी हजेरी इथं उठली ती कॅमेऱ्यातून परत येईल. आणि तिला लागणारी यादी शाळेच्या हजेरीतून तयार होईल.

आधी शाळेचं सांगते. निवृत्तीच्या आदल्या वर्षी एका कंपनीचा माणूस चेहऱ्यावरून हजेरी लावणारं यंत्र घेऊन आमच्याकडं आला. स्टाफरूममध्ये चहा झाला, लॅपटॉप उघडला, दारावर कॅमेरा बसला. नववी अ चे फोटो आत भरले. पहिल्या दिवशी दोन चुलत भावांत यंत्राचा गोंधळ झाला. दोघंही पन्हाळ्याकडचे, एकाच न्हाव्याकडं केस कापणारे. धाकटा आला की थोरल्याची हजेरी लागायची. "डेटा वाढला की शिकेल," असं तो माणूस म्हणाला. दुसऱ्या दिवशी डेटापेक्षा पोरं लवकर शिकली. गैरहजर मित्राचा फोटो मोबाईलवर उघडून कॅमेऱ्यापुढं धरला, की मित्र घरी झोपलेला आणि कागदावर वर्गात. शिपाईमामा हसून हसून खाली बसले. हेडमास्तरांनी त्या माणसाला आणखी एक चहा पाजून वाटेला लावला.

हसण्यावारी गेलं, पण नंतर एक गोष्ट मनात राहिली. त्या लॅपटॉपमध्ये गेलेले अठ्ठावन्न मुलांचे चेहरे परत कुणी मागितले नाहीत. मीही नाही. कुठं असतील ते आज?

स्वीडनमध्ये एका शाळेनं असंच केलं होतं. बावीस मुलं, तीन आठवडे, चेहऱ्यावरून हजेरी. पालकांची संमतीही घेतली होती. तरी तिथल्या माहिती-संरक्षण खात्यानं २०१९ मध्ये दोन लाख क्रोनरचा दंड ठोकला. कारण साधं होतं : मुलं शाळेच्या हाताखाली असतात, त्यांच्या घरच्यांनी दिलेल्या 'हो'ला मोकळा 'हो' म्हणता येत नाही, आणि हजेरी तर हाक मारूनही घेता येते. न्यूयॉर्क राज्यानं २०२३ मध्ये शाळांत हे तंत्र वापरायला बंदीच घातली. युरोपच्या नव्या कायद्यानं फेब्रुवारी २०२५ पासून वर्गातल्या मुलांच्या चेहऱ्यावरून त्यांच्या मनातलं ओळखू पाहणारी यंत्रं बंद केली. 'मूल लक्ष देतंय की नाही ते कॅमेरा सांगेल' म्हणणारा विक्रेता उद्या आपल्याकडं येईल, शिक्षणाधिकारी साहेब. आल्यावर त्याला एवढंच विचारा : खिडकीबाहेर बघणारं पोरगं गणित सोडवत असेल, तर तुझ्या यंत्राला ते कळेल का?

शिवाय गैरहजेरी म्हणजे काय, हे यंत्राला कोण सांगणार? माझ्या हजेरीच्या कॅटलॉगात गैरहजेरीची खूण एकच असायची, पण तिच्यामागची कारणं मला तोंडपाठ होती. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगा घरात शिरली तेव्हाची गैरहजेरी. हंगाम सुरू झाला की उसाच्या फडावर धाकट्या भावंडाला सांभाळायला राहिलेल्या पोरीची गैरहजेरी. जोतिबाच्या चैत्र यात्रेची, ती तर अर्ध्या वर्गाची. बाप दारू पिऊन आला आणि दप्तर विहिरीत गेलं, त्याच्या दुसऱ्या दिवसाची. सगळ्यांना एकच खूण. वर्गशिक्षिका आणि मी मिळून तिचा अर्थ लावायचो. मोबाईलवरून थेट मुंबई-पुण्याला गेलेल्या हजेरीत अर्थ जात नाही, खूण तेवढी जाते.

परीक्षांचंही थोडं बोलते, कारण माझी भाची त्यात पोळली. ती एका इंजिनिअरिंग कॉलेजात आहे. प्रोजेक्टचा रिपोर्ट तिनं स्वतः लिहिला. मराठी माध्यमातून आलेली पोर, इंग्रजी लिहिते ते जपून, पाठ केलेल्या साच्यातलं. कॉलेजच्या सॉफ्टवेअरनं सांगितलं, हे यंत्रानं लिहिलेलं आहे. परत लिहायला लावलं. दुसऱ्या खेपेला तिनं काय करावं? मुद्दाम चुका घातल्या. दोन ठिकाणी काळ चुकवला, एका वाक्यातलं क्रियापदच खाल्लं. मग पास झालं. "मावशी, आता मी माणूस आहे असं सर्टिफिकेट मिळालं," म्हणाली.

तिचं एकटीचं नशीब वाईट होतं असं नाही. अमेरिकेत स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये असली सात सॉफ्टवेअर तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेल्या निबंधांपैकी सरासरी ६१ टक्के निबंध त्यांनी यंत्राच्या नावावर टाकले. ओपनएआय कंपनीनं स्वतःचंच असं ओळखयंत्र त्याच वर्षी जुलैत गुंडाळलं, ते नीट ओळखत नाही म्हणून. ज्यांनी लिहिणारं यंत्र बनवलं त्यांना ओळखणारं जमलं नाही, आणि आपली कॉलेजं त्याच्या टक्केवारीवर पोरींना रडवतात. इंग्लंडात २०२० मध्ये करोनामुळं परीक्षा झाल्या नाहीत तेव्हा एका सूत्रानं निकाल लावले. शिक्षकांनी दिलेल्या ग्रेडपैकी जवळपास ४० टक्के खाली आल्या, आणि शाळेचा जुना निकाल सूत्रात धरल्यामुळं गरीब वस्तीतल्या शाळेतल्या हुशार मुलाला आधीच्या मुलांचं ओझं वाहावं लागलं. मुलं रस्त्यावर आली. चार दिवसांत सरकारनं निकाल मागं घेतला. त्यांना चार दिवसांत मागं घेता आलं, कारण चूक कुठं आहे ते उघड झालं होतं. भाचीला साधं कारणही कुणी दिलं नाही.

आता पोलीस अधीक्षक साहेब, आपल्याकडं वळते.

आपल्या खात्याला यंत्रं लागतात, हे मला मान्य आहे. जून २०२३ मध्ये मोबाईलवरच्या स्टेटसवरून हे शहर पेटलं, इंटरनेट बंद करावं लागलं. बिंदू चौकापासून महाद्वार रोडपर्यंत दुकानांची शटर खाली आलेली मी बघितली आहेत. आज तर खोटा फोटो, खोटा आवाज बनवायला दहा मिनिटं पुरतात. तो खोटा आहे हे आपल्याला अकराव्या मिनिटाला कळलं पाहिजे. म्हाताऱ्यांना 'डिजिटल अरेस्ट'ची भीती घालून लुटणाऱ्यांचे पैसे शंभर खात्यांतून फिरतात, ते माणसानं कागदावर रेघा ओढून शोधायचे दिवस गेले. माझ्या शेजारच्या निवृत्त मास्तरांनी पेन्शनचे पैसे असेच घालवले. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला तोवर खातं रिकामं. तिथं आपलं यंत्र जोरात चालावं, आम्ही टाळ्या वाजवू.

माझी तक्रार कॅमेऱ्यानं माणूस ओळखण्याविषयी आहे, आणि माणूस गुन्हा करायच्या आधीच त्याला ओळखण्याविषयी त्याहून जास्त.

माझ्या स्कूटीला एकदा एका दूरच्या शहरातून दंडाचं ई-चलान आलं. सिग्नल तोडला म्हणून. मी त्या शहरात आयुष्यात पाऊल ठेवलेलं नाही. फोटो उघडून बघितला तर गाडी काळी, चालवणारा मिशीवाला, आणि त्याच्या नंबरातला ३ कॅमेऱ्यानं ८ वाचलेला. माझी स्कूटी काळी नाही आणि मी मिशीवालीही नाही. तरी ते चलान रद्द व्हायला चार महिने गेले, कारण प्रत्येक टेबलावरचा माणूस एकच म्हणायचा, "मॅडम, सिस्टीमला तसं दिसतंय न्हवं." पाचशे रुपयांची गोष्ट, म्हणून हसून सांगते. पाचशेच्या जागी दरोडा असता तर?

अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये जानेवारी २०२० मध्ये रॉबर्ट विल्यम्स नावाच्या माणसाला त्याच्या बायको-पोरींसमोर बेड्या घातल्या. दुकानातली घड्याळं चोरणाऱ्याच्या धूसर फोटोशी यंत्रानं त्याच्या लायसन्सचा फोटो जुळवला होता. तीस तास तो आत होता. चोर तो नव्हताच. पुढं २०२४ मध्ये तडजोड झाली, आणि केवळ चेहरा जुळला म्हणून अटक करायची नाही, असं तिथल्या पोलिसांना मान्य करावं लागलं. काळ्या कातडीच्या चेहऱ्यांवर ही यंत्रं जास्त चुकतात हे त्याआधी, २०१८ मध्येच, एमआयटीतल्या अभ्यासानं दाखवलं होतं. चेहऱ्यावरून बाई की पुरुष एवढंच ओळखायचं होतं. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक एक टक्क्याच्या आत, सावळ्या-काळ्या बायकांच्या बाबतीत ३४ टक्क्यांच्या वर. आपल्या जिल्ह्यात उन्हातान्हात राबणाऱ्या बायकांचे चेहरे कुठल्या बाजूचे, ते मी सांगायला नको.

आणि आपल्याच देशात? दिल्ली पोलिसांनी २०२२ मध्ये माहिती अधिकारात उत्तर दिलं, की चेहरा ८० टक्के जुळला तर तो जुळला असं ते धरतात. मी दहावीच्या गुणपत्रिका वाटलेली बाई आहे. ८० टक्के म्हणजे फर्स्ट क्लासच्या वर, पण नवरात्रात अंबाबाईच्या रांगेत एका दिवसात जेवढी माणसं उभी राहतात, तेवढ्या चेहऱ्यांवरून हे यंत्र फिरवलं तर ८० टक्के जुळणारी किती निघतील? त्यातल्या प्रत्येकाला बाजूला घेऊन विचारायला आपल्याकडं माणसं आहेत का? आणि बाजूला कुणाला घेतलं जाईल? भारी सफारी घातलेल्याला, की फाटकी पिशवी घेतलेल्याला?

इथं मला एक जुनी गोष्ट सांगायची आहे. ती सांगायची म्हणूनच खरं तर हे पत्र लिहायला घेतलं.

बरीच वर्षं झाली. आमच्या शाळेत आठवीत एक मुलगा होता. त्याच्या जमातीचं नाव लिहीत नाही. एके काळी त्या १८७१ च्या कायद्याच्या यादीत असलेली जमात, एवढं पुरे. आजी भंगार गोळा करायची. पोरगं चित्रं छान काढायचं, माझ्या रजिस्टरच्या कव्हरवर त्यानं मोर काढून दिला होता. आजूबाजूला कुठं चोरी झाली, की एका ठाण्याचे दोन जण शाळेत यायचे आणि माझ्या टेबलापुढं उभं राहून विचारायचे, "बाई, अमुक तारखेला ते पोरगं शाळेत होतं का बघा." मी कॅटलॉग काढायची. पहिल्यांदा हजर होता. दुसऱ्यांदाही हजर होता. मला बरं वाटायचं, माझ्या रजिस्टरनं पोर वाचवलं म्हणून. तिसऱ्यांदा गैरहजर निघाला. मी तसं सांगितलं. खोटं कसं सांगणार? त्या दिवशी तो आजीबरोबर रेशनच्या ऑफिसात होता, हे मला दोन दिवसांनी कळलं. तोवर रात्रभर तो ठाण्यात बसून आला होता. चोर दुसराच सापडला. पोराला कुणी हात लावला नाही, असं आजी म्हणाली. पण परत तो शाळेत आला नाही. त्याचा दाखला न्यायलाही कुणी आलं नाही. तो मी लिहून ठेवला होता, निवृत्तीच्या दिवशी कपाटाच्या किल्ल्यांबरोबर नव्या लिपिकाच्या ताब्यात दिला.

त्या वेळी मधे यंत्र नव्हतं. दोन पोलीस होते, मी होते, एक कॅटलॉग होता. निदान त्यांना जिना चढून यावं लागायचं, माझ्या तोंडाकडं बघून विचारावं लागायचं. मी शहाणी असते तर म्हणाले असते, "लेखी पत्र आणा, हेडमास्तरांना विचारा." उद्या हे दोन्ही रजिस्टर संगणकातच एकमेकांना जोडले गेले, तर विचारावंही लागणार नाही. गैरहजेऱ्या, नापासाचे विषय, पत्ता, जात, आजीचा धंदा, सगळं एकत्र होऊन एक आकडा निघेल : हे पोर पुढं गुन्हा करण्याची शक्यता इतकी.

हे मी स्वप्नात बघितलेलं नाही. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात पॅस्को नावाचा परगणा आहे. तिथल्या शेरीफच्या ऑफिसनं शाळेकडून मुलांचे गुण आणि गैरहजेऱ्या घेतल्या, बालकल्याण खात्याची माहिती जोडली, आणि पुढं गुन्हेगार होतील अशा चारशेहून जास्त मुलांची यादी केली. मुलांना माहीत नाही, आईबापांना माहीत नाही. सप्टेंबर-नोव्हेंबर २०२० मध्ये तिथल्या एका दैनिकानं ते उघडकीला आणलं. मोठ्या माणसांची अशीच दुसरी यादी होती; त्यांच्या घरी पोलीस वेळी-अवेळी जायचे, गवत वाढलं, कोंबड्या पाळल्या अशा कारणांवरून दंड करायचे. डिसेंबर २०२४ मध्ये त्या ऑफिसला कोर्टातल्या तडजोडीत कबूल करावं लागलं, की आपण लोकांचे घटनात्मक हक्क मोडले. परगणा अमेरिकेतला, पण यादी वाचताना मला चावडीच दिसली.

आपल्याकडच्या नोंदी तर आधीच वाकलेल्या आहेत. ज्या वस्तीत पोलीस जास्त फिरतात तिथं गुन्हे जास्त नोंदले जातात. ते यंत्राला खाऊ घातले, की ते सांगणार, 'याच वस्तीत जास्त फिरा.' पुन्हा तिथंच नोंदी. बंगल्यात बसून टॅक्स बुडवणाऱ्याच्या गल्लीत गस्तीची मोटारसायकल जातच नाही, मग ती गल्ली यंत्राला सोवळीच दिसणार. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२४ मध्ये तुरुंगांच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितलं, भटक्या-विमुक्तांना जन्मावरून सराईत गुन्हेगार ठरवणं चुकीचं म्हटलं. स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी हे सांगावं लागलं. कागदावरचा रकाना कोर्टाच्या हुकमानं खोडता येतो. यंत्राच्या पोटात तोच रकाना पिनकोड किंवा आडनाव बनून राहिला तर तो कोण खोडणार?

म्हणून आपल्या दोघांकडं माझं मागणं काय ते लिहिते. फार मोठं नाही.

शाळेच्या पोर्टलवरची माहिती ठाण्याला थेट दिसणार नाही, असा लेखी आदेश शिक्षणाधिकारी साहेबांनी काढावा. एखाद्या गुन्ह्यात खरोखरच एखाद्या मुलाची माहिती लागली, तर तपास अधिकाऱ्यानं त्या एका मुलाबद्दल, कारण लिहून, सहीनं मागावी, आणि मागितल्याची नोंद शाळेत राहावी. आवक-जावक रजिस्टर कशासाठी असतं? मुलांच्या चेहऱ्यावरून हजेरी नको. कुणी आधीच घेत असेल तर फोटो कुणाच्या संगणकात आहेत ते शोधून पुसून घ्यावेत, आणि पुसल्याचं पत्र घ्यावं. २०२३ च्या माहिती-संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्यांवर पाळत ठेवायला मनाई आहे, पण नोव्हेंबर २०२५ च्या नियमांनी शाळांना त्यातून पळवाट ठेवली आहे. ती वाट आपल्या जिल्ह्यानं वापरू नये. आणि 'हे लिखाण यंत्राचं' असं सांगणाऱ्या ओळखयंत्राच्या टक्केवारीवर कुठल्याही मुलाला नापास करू नये. शंका आली तर मुलाला समोर बसवून पाच प्रश्न विचारावेत. शिक्षकाला ते येतं. वेळ नाही म्हणत असतील तर त्यांच्या मोबाईलमधली चार ॲप कमी करा. 'आम्हाला शिकवू द्या' म्हणत शिक्षक मोर्चे काढतात ते उगीच नव्हे.

पोलीस अधीक्षक साहेबांनी चेहरा ओळखणारा कॅमेरा कुठल्या चौकात बसवला तर त्या चौकात मराठीत पाटी लावावी. मिरजकर तिकटीला लावा, दाभोळकर कॉर्नरला लावा. सॉफ्टवेअर कुणाचं, किती टक्क्यांना 'जुळलं' धरतात, फोटो किती दिवस ठेवतात, हे संकेतस्थळावर टाकावं. २०२२ च्या ओळख-मापांच्या कायद्यानुसार पोलिसांनी पकडलेल्याच्या बोटांचे ठसे, डोळ्यांची प्रत पंचाहत्तर वर्षं राहू शकते. चौकातून दूध आणायला गेलेल्या माणसाचा चेहरा तेवढा राहू नये. केवळ यंत्रानं सुचवलं म्हणून कुणाला ठाण्यात बोलावू नये. बोलावलंच तर स्टेशन डायरीत स्पष्ट लिहावं : 'यंत्राने सुचवल्यावरून'. हे दोन शब्द लिहायला लागले की अंमलदार बोलावण्याआधी दहा वेळा विचार करेल, असा माझा अनुभव आहे. आम्हीसुद्धा 'वरिष्ठांच्या तोंडी आदेशावरून' असं लिहायला सुरुवात केली, तेव्हा तोंडी आदेश एकदम कमी झाले होते.

आणि उद्या कोण गुन्हा करेल हे सांगणारं यंत्र या जिल्ह्यात घेऊ नये. इतर जिल्हे घेवोत. या मातीत ती हजेरी १९१८ मध्ये उठली आहे, हे कारण मला पुरेसं वाटतं. आपल्याला नसेल वाटत तर कारणं लिहून कळवावीत.

आता उच्च न्यायालयाचं सर्किट बेंचही ऑगस्ट २०२५ पासून आपल्या दारात आलं आहे. चाळीस-पन्नास वर्षं वकिलांनी त्यासाठी आंदोलनं केली. मुंबईला जायचा एसटीचा खर्च वाचला, हे खरं. पण मला कोर्टात जायचं नाही. माहिती अधिकाराचा अर्ज आणि दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प टेबलाच्या खणात तयार आहे, तोही लगेच काढायचा नाही. आधी साधं पत्र, ही आमच्या ऑफिसची रीत.

या पत्राची एक प्रत आपल्या दोन्ही कार्यालयांत सोमवारी मी स्वतः आणून देईन. आवक शाखेत दुपारी जेवणाच्या सुट्टीत कुणी नसतं, म्हणून साडेअकराला येते. पोहोच द्यावी, आणि तिच्यावर आवक क्रमांक शाईनं घालावा, पेन्सिलीनं नको.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शाळा लिपिक
शिवाजी पेठ, कोल्हापूर